हार्डली, बेअरली, रेअरली, सेल्डम: कुठे कोणता शब्द वापरायचा?

शब्दकोशात या शब्दांपुढे 'क्वचित', 'जेमतेम', 'फारसं नाही' असे अर्थ आलटूनपालटून दिलेले असतात. गोंधळ तिथेच होतो. म्हणून आधी ठरवा: सांगायचंय ते 'किती वेळा' की 'कितपत'?

'किती वेळा' असेल तर रेअरली किंवा सेल्डम. अर्थ एकच, पण सेल्डम जरा पुस्तकी. बोलताना 'हार्डली एव्हर' जास्त ऐकू येतं. गोष्ट एकाच प्रसंगाची असेल तर मात्र रेअरली बसत नाही. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हे 'आय हार्डली स्लेप्ट लास्ट नाइट' असं सांगावं लागतं, कारण तिथे वेळा मोजायचा प्रश्नच नाही. ऑकेजनली या गटातला नाही. 'ही ऑकेजनली कॉल्स' म्हणजे अधूनमधून का होईना, फोन करतो. 'ही रेअरली कॉल्स'मध्ये करत नाही याची तक्रार डोकावते.

खरी गंमत 'कितपत'मध्ये आहे. बेअरली म्हणजे जमलं, पण कसंबसं. उत्तीर्ण व्हायला ४० गुण लागतात आणि ४१ मिळाले, तर 'शी बेअरली पास्ड'. इथे हार्डली कानाला खटकतं, कारण त्याचा कल नकाराकडे असतो: 'आय हार्डली नो हिम' म्हणजे ओळख जवळपास नाहीच. वय, अंतर, वेळ असे आकडे नुकतेच गाठले असतील तेव्हा बेअरली घ्या. 'शी इज बेअरली एटीन' म्हणजे नुकतीच अठराची झालीये. उलट 'दॅट्स हार्डली सरप्रायझिंग' (त्यात नवल ते काय!) या टोमण्यात बेअरली चालणार नाही. 'कुड हार्डली हिअर', 'कुड बेअरली हिअर' अशा वाक्यांत दोन्ही चालतात, तिथे उगाच डोकं शिणवू नका. स्केअर्सली हा हार्डलीचाच जरा औपचारिक भाऊ.

आपली सर्वात मोठी चूक नकाराची. मराठीत 'फारसं' म्हटलं की पाठोपाठ 'नाही' येतंच, त्या सवयीने 'आय कान्ट हार्डली हिअर' लिहिलं जातं. या सगळ्या शब्दांच्या पोटातच नकार आहे, तेव्हा नॉट, नोबडी, नथिंग काढून टाका: 'हार्डली एनीबडी केम'. प्रश्नपुच्छही (वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न) त्यामुळे होकारार्थी लागतं: 'ही हार्डली स्पीक्स, डझ ही?' 'सेल्डम ऑर एव्हर' हेही चूक; 'सेल्डम इफ एव्हर' किंवा 'सेल्डम ऑर नेव्हर' म्हणा.

आणि हार्ड वेगळं, हार्डली वेगळं. अर्जात 'आय वर्क हार्ड'ऐवजी 'आय हार्डली वर्क' गेलं, तर आपण काम करत नाही असं आपणच लिहून दिलं!

जागा: मुख्य क्रियापदाच्या आधी, पण इज, वॉज, कॅन, हॅव यांच्यानंतर. शब्द वाक्याच्या सुरुवातीला नेलात तर साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी येतं: 'रेअरली हॅव आय सीन सच अ क्राउड'. 'हार्डली हॅड वी सॅट डाउन' (आम्ही बसतो न बसतो तोच) यानंतर जोडायला व्हेन लागतं; दॅन लागतं ते त्याच अर्थाच्या 'नो सूनर'ला.