पोस्टग्रेसमध्ये प्लॅनिंगच रेंगाळतंय? इंडेक्सचं टोक तपासा

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरी चुटकीसरशी चालते, पण तिचा प्लॅन (ती कशी चालवायची याचा आराखडा) बनायलाच वेळ लागतो. टेबल जॉब क्यूचं (करायच्या कामांच्या रांगेचं) किंवा लॉगचं असेल आणि एका टोकाच्या लाखो रो नुकत्याच डिलीट झाल्या असतील, तर संशय इंडेक्सच्या त्याच टोकावर घ्या.

'आयडी अमुकपेक्षा मोठा' अशी अट आली की प्लॅनर (प्लॅन बनवणारा भाग) हिस्टोग्राम बघतो, म्हणजे कॉलममधल्या किमतींची खणांमध्ये मांडलेली अंदाजे वाटणी. किंमत पहिल्या किंवा शेवटच्या खणात पडली, तर तो बी-ट्री (क्रमवार रचलेला) इंडेक्स वाचून खरी किमान किंवा कमाल किंमत शोधतो. मर्ज जॉइनचा (दोन टेबलं क्रमाने लावून जोडण्याचा) खर्च काढतानाही तेच. टोकाला डेड रोंच्या (डिलीट होऊनही जागा अडवून बसलेल्या रोंच्या) नोंदी साचल्या असतील तर त्या एकेक ओलांडताना टेबलची पेजेसही (साठवणीचे ठोकळेही) उघडावी लागतात.

खात्री करायला एक्सप्लेन या प्लॅन दाखवणाऱ्या कमांडला ॲनालाइझ आणि बफर्स हे पर्याय लावा. आवृत्ती १३ पासून प्लॅनिंगचे बफर्स (वाचलेली पेजेस) वेगळे दिसतात. नव्या सेशनमध्ये कॅटलॉग (डेटाबेसची स्वतःच्या माहितीची टेबलं) वाचल्याने आकडा फुगतो, म्हणून आधी त्याच टेबलवर ती अट नसलेली क्वेरी एक्सप्लेन करून घ्या. त्यानंतरही प्लॅनिंगमध्ये हजारो हिट (मेमरीतून वाचलेली पेजेस) दिसले तर रोग हाच.

आता आवृत्ती बघा. ११.१९, १२.१४, १३.१०, १४.७ आणि १५.२ पासून (फेब्रुवारी २०२३) प्लॅनर टेबलची १०० पेजेस बघून शोध सोडतो आणि हिस्टोग्रामवर भागवतो. ही मर्यादा कोडमध्येच आहे, सेटिंगने बदलत नाही. जुनी आवृत्ती असेल तर बाकी काही करण्याआधी मायनर अपग्रेड करा.

पण साचलेला कचरा काढायचं काम व्हॅक्यूम या सफाईच्या कमांडचंच. ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारा व्हॅक्यूम) मूळ सेटिंगनुसार ५० अधिक टेबलच्या २० टक्के रो डेड होईपर्यंत थांबतो. १ कोटी रोंच्या टेबलला हे फार उशिराचं. त्या टेबलपुरता स्केल फॅक्टर (ती टक्केवारी) ० आणि थ्रेशोल्ड (तो ५० चा आकडा) १०,००० ठेवा, मोठ्या डिलीटनंतर लगेच हाताने व्हॅक्यूम चालवा. इथे एक खाच आहे: आवृत्ती १४ पासून डेड रो २ टक्क्यांहून कमी पेजेसवर असतील तर व्हॅक्यूम इंडेक्सची सफाई टाळू शकतो. म्हणून 'इंडेक्स क्लीनअप ऑन' स्पष्ट लिहा. व्हॅक्यूम होऊनही डेड रो हटत नसतील तर उघडं राहिलेलं जुनं ट्रान्झॅक्शन किंवा पडून राहिलेला रेप्लिकेशन स्लॉट (प्रतीच्या सर्व्हरसाठी राखलेली नोंद) शोधा.

रेप्लिकाकडे, म्हणजे प्रायमरी या मूळ सर्व्हरच्या चालत्या प्रतीकडे (हिलाच स्टँडबाय म्हणतात), विशेष लक्ष हवं. प्रायमरीवर स्कॅन ओलांडलेल्या नोंदींवर 'डेड' अशी खूण करतो, त्यामुळे पुढच्या स्कॅनला टेबल उघडावं लागत नाही. स्टँडबाय अशी खूण करत नाही आणि प्रायमरीने केलेली मानतही नाही. प्रायमरीवरच्या व्हॅक्यूमचा परिणाम तिथे पोहोचेपर्यंत प्रत्येक प्लॅनला तीच पायपीट.

जनरिक प्लॅन (किंमत न बघता बनवलेला सर्वसाधारण प्लॅन) सक्तीचा करणं हाही उपाय सुचवला जातो. पॅरामीटरची किंमतच माहीत नसल्याने त्या अटीसाठी शोध होत नाही, पण तुलनेच्या अटीला प्लॅनर सरसकट एक तृतीयांश रो धरतो आणि प्लॅन बिघडू शकतो. क्यूच्या टेबलला त्यापेक्षा तारखेनुसार पार्टिशन (वेगवेगळे तुकडे) करा आणि जुनं पार्टिशन ड्रॉप करा. डेड रो उरतच नाहीत.