मोठे शहर पायी पाहताना

सपाट रस्त्यावर माणूस तासाला साधारण ४ ते ५ किलोमीटर चालतो. परंतु थांबत, पाहत आणि सिग्नलपाशी खोळंबत फिरणाऱ्याचा वेग जेमतेम निम्म्यावर येतो. म्हणून दिवसभरासाठी १० किलोमीटरचा बेत पुष्कळ झाला, आणि सगळे शहर पालथे घालण्याऐवजी एकमेकांना लागून असलेले दोन-तीन भागच निवडावेत.

बूट नवे नसावेत. टाचेपाशी चुरचुर जाणवताच, फोड येण्याची वाट न पाहता, तिथे चिकटपट्टी लावावी. ‘पुढे बसू तेव्हा बघू’ म्हणणारा दुपारनंतर लंगडतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

जुन्या भागात नजर दुकानांच्या पाट्यांच्या वर न्यावी, कारण तळमजल्याचे रूप वारंवार बदलले तरी वरच्या मजल्यांवरचे नक्षीदार कठडे, लाकडी झडपा आणि कधी दर्शनी भिंतीवर कोरलेले बांधकामाचे वर्ष बहुधा तसेच राहिलेले असते. उन्हाची वेळ संग्रहालयात घालवावी. मात्र अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करावी.

फेरीचा शेवट बस किंवा रेल्वे स्थानकाजवळ होईल असा मार्ग आखावा, म्हणजे परतीची पायपीट वाचते.