घरातल्या डान्स पोलची सफाई आणि निगा

मल्लखांबावर अंग सहज सरकावे म्हणून सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल तेल चोळतात. डान्स पोलचे गणित नेमके उलटे आहे. हा खांब धातूचा, बहुधा ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि सराव करणारी व्यक्ती उघड्या त्वचेच्या पकडीवर त्याला धरून राहते. घाम, त्वचेचे तेल किंवा लोशन यांचा डोळ्यांना न दिसणारा थर त्यावर बसला, तरी पाय उंचावर असताना हात निसटू शकतो. त्यामुळे पोल पुसणे हे सरावाआधीच्या वॉर्म-अपइतकेच आवश्यक आहे.

पोलवर साचणारा मळ दोन प्रकारचा असतो. घामातले मीठ पाण्यात विरघळते, तर तेल आणि लोशन स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये. म्हणूनच नुसत्या ओल्या फडक्याने पुसलेला पोल स्वच्छ दिसूनही निसरडा राहतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उरलेला भाग पाण्याचा असल्याने दोन्ही कामे एकदम होतात, आणि क्रोम व स्टेनलेस स्टीलच्या पोलसाठी ते उत्तम ठरते. औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणायचे असेल, तर बाटलीवरील घटक आधी वाचावेत. ब्रिटिश पद्धतीच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल तेलही घातलेले असते, म्हणजे मल्लखांबाला जे मुद्दाम लावायचे तेच आपण नकळत पोलला फासतो.

स्पिरिट पोलवर न फवारता मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्यावे आणि पोल वरून खाली पुसत यावे, म्हणजे सुटलेला मळ पुसलेल्या भागावर पुन्हा येत नाही. फडक्याची घडी बदलत राहावी आणि शेवटी कोरड्या फडक्याने एक हात फिरवावा. सराव लांबला तर मध्येही पुसावे. स्पिरिट पेट घेते, त्यामुळे जवळ निरांजन, उदबत्ती किंवा पेटता गॅस नसावा आणि खिडकी उघडी असावी. पकडीसाठी हाताला चॉकची पूड किंवा चिकट ग्रिप लावली असेल, तर सराव संपताच ती काढावी. वाळलेला थर दुसऱ्या दिवशी फार छळतो.

पितळी पोल काळवंडला की देव्हाऱ्यातली उपकरणी घासण्याच्या सवयीने हात चिंचेकडे वळतो. तो आवरावा. काळपटपणाने पकड बिघडतेच असे नाही, आणि चकाकीसाठी ब्रास पॉलिश वापरलेच तर त्याचा मेणकट अंश साबणपाणी व स्पिरिटने पूर्ण निघेपर्यंत पोलवर चढू नये. पावडर कोटिंगच्या पोलसाठी सौम्य साबणाचे पाणी पुरते. तीव्र द्रावण वापरण्यापूर्वी उत्पादकाची सूचना पाहावी. तारेची घासणी मात्र कोणत्याही पोलला लावू नये. क्रोमचा मुलामा पातळ असतो, तो ओरखडला की खालच्या धातूला गंज धरतो. याच कारणासाठी अंगठ्या आणि बांगड्या काढूनच पोलला हात लावावा. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, सराव नसला तरी पोल अधूनमधून कोरडा पुसावा.

स्वच्छ पोलही सैल असेल तर धोकादायकच. जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणाने बसवलेला पोल सरावापूर्वी दोन्ही हातांनी हलवून पाहावा आणि जोडांवरचे स्क्रू अ‍ॅलन कीने तपासावेत. मात्र अंदाजाने अति आवळू नयेत. पोल सरळ उभा आहे की नाही, हे ओळंब्याने किंवा लेव्हलने कळते. फिरत्या पोलमधून खरखर ऐकू आली की लोक घरात असेल ते तेल बेअरिंगमध्ये सोडतात. गंज सोडवणाऱ्या पातळ स्प्रेने आतले ग्रीस धुऊन जाऊ शकते, आणि ओघळलेले तेल खाली पकडीच्या जागेवर येते. त्यापेक्षा उत्पादकाकडून बेअरिंग तपासून घ्यावे.

वरची तबकडी पीओपीच्या खोट्या छताला टेकवू नये, ती काँक्रीटच्या स्लॅबलाच लागली पाहिजे. पोल बसवताना तिच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे कधी तबकडी त्या रेघेवरून सरकलेली दिसली, तर त्या दिवशी सराव न करता पोल उतरवून नव्याने बसवावा.