सेमिनरीला येण्याआधी तीन वर्षांचा हिशेब मांडा

अमेरिकेतल्या सेमिनरीकडून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती धर्मविद्यालयाकडून, शिष्यवृत्तीचं पत्र आलं की घरात आणि मंडळीत आनंद होतो, उपासनेत उभं राहून साक्ष दिली जाते. तो आनंद खरा आहे. पण साक्ष देण्याआधी ते पत्र शांतपणे दोनदा वाचा. बहुतेक पत्रांमधली रक्कम फक्त ट्यूशनची असते. घरभाडं, आरोग्यविमा, जेवणखाण, पुस्तकं, सेमिस्टरची वेगळी फी, हे सगळं त्या पत्राच्या बाहेर राहतं. कुटुंब घेऊन येणाऱ्या पाळकाच्या बाबतीत तर हा बाहेरचा खर्चच कित्येकदा ट्यूशनपेक्षा मोठा निघतो.

व्हिसासाठी सेमिनरी जो आय-२० फॉर्म देते, त्यात दोन रकाने असतात. एकात वर्षाचा अंदाजे खर्च: ट्यूशन, राहणं-खाणं, सोबत येणाऱ्यांचा खर्च, इतर. दुसऱ्यात तो कुठून भागणार ते: तुमचे स्वतःचे पैसे, सेमिनरीची मदत, दुसऱ्या कुणाची मदत. दोन्ही बेरजा जुळल्या की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण हे आकडे पहिल्या वर्षापुरते असतात, आणि एमडिव्ह (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळकपदासाठीची पदवी) पूर्णवेळ केली तरी साधारण तीन वर्षांची पदवी आहे.

मी इथे अमेरिकेत आल्यापासून सगळ्यात जास्त माणसं याच एका ठिकाणी अडकलेली पाहिली आहेत. पहिल्या वर्षाचा रकाना भरण्यासाठी कुणा काकांच्या किंवा मेहुण्यांच्या खात्याचं पत्र जोडलं जातं. ते पैसे खर्चायला मिळणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक असतं. व्हिसा मिळतो, पहिलं वर्ष शिष्यवृत्ती आणि साठवणीवर निघतं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये सेमिनरीच्या खात्यावर थकबाकी दिसते आणि नोंदणी अडवली जाते. नोंदणी नाही म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी नाही, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी नसणं म्हणजे इथे राहण्याचा हक्क धोक्यात. मुलं शाळेत रुळलेली असतात, घराचा करार चालू असतो, आणि माणूस एका आठवड्यात काही हजार डॉलर उभे करायला फोन फिरवत बसतो. तेव्हा ते उभे राहत नाहीत. ज्यांनी साक्ष ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना वाटत असतं की याचं सगळं सेमिनरीच करते आहे.

म्हणून निघण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि नवरा-बायको दोघांनी मिळून कागद मांडा. आय-२० वरचा वर्षाचा एकूण खर्च घ्या, त्याची तिप्पट करा, दरवर्षी भाडं आणि फी वाढते म्हणून वर काही रक्कम धरा. मग त्यातून फक्त लेखी कबूल झालेली रक्कम वजा करा. ‘बघू’, ‘करू काहीतरी’, ‘तिकडे गेल्यावर कळव’ ही वाक्यं वजा करायची नाहीत. उरलेला आकडा मोठा असेल तर एक वर्ष थांबा. बहुतेक सेमिनऱ्या कारण सांगितलं तर प्रवेश पुढे ढकलू देतात. शिष्यवृत्तीही सोबत पुढे सरकते का, ते मात्र लेखी विचारा. थांबण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. अर्ध्यातून परतणाऱ्या कुटुंबाचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

‘प्रभू पुरवील’ हे मीही मानतो. पण त्याच्या पुरवण्याचा एक मार्ग म्हणजे वेळेवर विचारलेला प्रश्न, आणि आपले लोक नेमके तिथेच गप्प बसतात. फायनान्शियल एड ऑफिसला पैशांबद्दल विचारणं आपल्याला लाचारी वाटते, किंवा विश्वास कमी पडल्यासारखं वाटतं. इथे तसं कुणी मानत नाही. त्या ऑफिसमधल्या माणसाचं कामच ते आहे आणि सरळ प्रश्नाला तो सरळ उत्तर देतो. न विचारलेल्याचं उत्तर मात्र आपणहून देत नाही. तेव्हा ईमेलने विचारा: ही शिष्यवृत्ती दरवर्षी आपोआप चालू राहते की नव्याने अर्ज करावा लागतो? किती गुण राखावे लागतात? दर सेमिस्टरला किती क्रेडिट घेणं बंधनकारक आहे? ट्यूशन वाढली तर शिष्यवृत्ती वाढते का? बाहेरून दुसरी मदत मिळाली तर तुमची कमी करता का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. काही ठिकाणी बाहेरचे दोन हजार आले की आतले दोन हजार कापले जातात, आणि देणाऱ्या मंडळीला वाटतं आपण पाळकाच्या घरखर्चाला हातभार लावला.

पदवी निवडतानाच कितीतरी पैसे वाचतात, तरी याकडे कुणी फारसं बघत नाही. तुमच्याकडे सेरामपूरची बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) असेल तर पुन्हा तीन वर्षांची एमडिव्ह कशासाठी? बऱ्याच सेमिनऱ्या बीडीला पहिली थिऑलॉजिकल पदवी मानून थेट टीएचएमला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) प्रवेश देतात, आणि तो अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा असतो. इथल्या एखाद्या संप्रदायात दीक्षा घेऊन इथेच सेवा करायची असेल तर एमडिव्ह लागू शकते, ते त्या संप्रदायाला विचारा. पण परत जाऊन शिकवायचं असेल तर एक वर्ष आणि तीन वर्षं यांतला फरक तुमच्या मुलांनाही भोगावा लागतो. सेमिनरीला एटीएसची, म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सची मान्यता आहे का, तेही बघा. मान्यता नसलेल्या ठिकाणची स्वस्त पदवी पुढे पीएचडीच्या अर्जात फारशी कामी येत नाही.

आता पैसे कुठे असतात ते. इथल्या सरकारची विद्यार्थी मदत एफ-१ वाल्यांना मिळत नाही, तेव्हा तिचा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका. सगळ्यात मोठा दाता बहुधा सेमिनरीच असते. जुन्या, मोठा राखीव निधी असलेल्या संस्था सढळ हाताने देतात. उदाहरणार्थ, येल डिव्हिनिटी स्कूलने २०२२-२३ पासून आर्थिक गरज सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्ण ट्यूशन द्यायचं ठरवलं. म्हणजे बाहेर लावलेली फी मोठी दिसते म्हणून अर्जच न करणं चुकीचं आहे. कमी फीची पण मदत न देणारी सेमिनरी शेवटी महाग पडू शकते. मदतीच्या अर्जाची मुदत काही ठिकाणी प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते, एवढं लक्षात ठेवा.

संप्रदायांचेही पैसे असतात. सदर्न बॅप्टिस्टांच्या सहा सेमिनऱ्यांना त्यांच्या मंडळ्या १९२५ मध्ये सुरू झालेल्या कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम या सामाईक निधीतून पैसे पुरवतात, म्हणून त्या संप्रदायाच्या सभासदांना तिथे ट्यूशन बरीच कमी पडते. युनायटेड मेथडिस्टांकडे वर्ल्ड कम्युनियन संडे या खास रविवारच्या अर्पणातून शिष्यवृत्त्या दिल्या जातात. पण सवलतीसाठी मंडळी बदलणारे भेटले आहेत मला, आणि हे मला मुळीच पटत नाही. ज्या शिकवणीवर तुमचा विश्वास नाही तिच्याखाली सही करून घेतलेल्या पैशावर सेवेची तयारी करू नका.

डॉक्टरेटचं गणित वेगळं. लँगहॅम आणि स्कॉलरलीडर्स या संस्था आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या संशोधकांना मदत करतात, आणि त्यांचा सगळा भर परत जाऊन आपल्या लोकांत सेवा करण्यावर असतो. इथे राहायचं मनात ठरलं असेल तर तो अर्ज करू नका. तो पैसा तुमच्या जागी परतणाऱ्या कुणाला तरी मिळायला हवा. चांगल्या विद्यापीठांतल्या पीएचडीला ट्यूशन माफ असतं आणि वर स्टायपेंड, म्हणजे निर्वाहभत्ता, मिळतो. निव्वळ सेमिनरीत तसं असेलच असं नाही.

इथल्या मंडळ्यांकडून मदत मागायची असेल तर पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत जे केलं ते समजून घ्या. त्या १८८६ मध्ये इथे आल्या, गावोगावी बोलल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं मदत देण्याचं तिने कबूल केलं. हेतू एकच आणि स्पष्ट, मुदत ठरलेली, आणि दरवर्षी छापील अहवाल. आजही अमेरिकन माणूस याच गोष्टींना प्रतिसाद देतो. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा आणि जमेल ते द्या’ या पत्राला पुष्कळ प्रार्थना मिळतात. ‘मला २४ महिने दरमहा ६०० डॉलर कमी पडतात, त्यातले १०० तुमची मंडळी उचलेल का’ या पत्राला हो किंवा नाही असं उत्तर येतं, आणि तुम्हाला तेच हवं आहे. पैसे शक्यतो मंडळीकडून थेट सेमिनरीतल्या तुमच्या खात्यावर जाऊ द्या. दर सेमिस्टरला एक पानी पत्र पाठवा: काय शिकलो, किती खर्च झाला, किती बाकी. आपले लोक पैसे मिळेपर्यंत पत्रं लिहितात आणि मग गप्प होतात. पुढच्या वर्षी येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्याच दारावर नकार मिळतो तो यामुळे.

आता कामाचं. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. लायब्ररी, किचन, टपालखोली, बागकाम, जे मिळेल ते घ्या, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात विचारा, कारण जागा भरतात. तासाला १५ डॉलर धरले तर ३० आठवड्यांचे ९,००० होतात, तेही कर जाण्याआधी. कुटुंबाचं भाडं यात निघत नाही. जोडीदार एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल तर त्याला किंवा तिला काम करता येत नाही. ती घरी बसून कुणाची मुलं सांभाळेल, हेही त्या ‘नाही’त येतं.

कॅम्पसबाहेर रोख पैसे घेऊन काम करू नका. पेट्रोल पंपावर नको, नातेवाइकाच्या दुकानात नको, रात्रीच्या साफसफाईला नको. ‘इथे चालतं, सगळे करतात’ असं सांगणारा आपलाच माणूस असतो, आणि पकडले गेलात तर तो तुमच्या शेजारी उभा राहत नाही. पाळकांसाठी याहून अवघड मोह म्हणजे प्रवचनाचं मानधन. एखादी भारतीय मंडळी दर रविवारी बोलावते, पाकीट हातात देते, आणि वाटतं हे तर सेवाकार्य आहे, नोकरी कुठे? नियमितपणे सेवा आणि त्याबद्दल मोबदला, हे व्हिसाच्या नजरेत काम ठरू शकतं. पाकीट घेण्याआधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचारा. अभ्यासक्रमात फील्ड एज्युकेशन, म्हणजे मंडळीत प्रत्यक्ष काम करून शिकणं, असेल तर सीपीटीची (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग) परवानगी घेऊन मंडळीत पगारी काम करता येतं. परवानगीची तारीख आय-२० वर उमटल्यावरच पहिल्या दिवशी जायचं. बिनमोबदला गाणं, शिकवणं, प्रार्थना यांना कुणी अडवत नाही.

कॅम्पसचं घर मिळत असेल तर घ्या. बँक खातं पहिल्या आठवड्यात उघडा. क्रेडिट कार्डावर ट्यूशन कधीही भरू नका.

कराबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. ट्यूशन, सक्तीची फी आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेल्या शिष्यवृत्तीवर कर नसतो. घरासाठी आणि जेवणासाठी मिळालेल्या रकमेवर असतो, आणि एफ-१ वाल्यांचा तो साधारण १४ टक्क्यांनी आधीच कापला जातो. वर्षाला १०,००० डॉलरची हाउसिंग ग्रँट असेल तर १,४०० गेले, आणि काही ठिकाणी ते तुमच्या खात्यावर थकबाकी म्हणून चढतात. घाबरू नका. भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक सरसकट वजावट, घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. १०४०-एनआर हा अनिवासींचा कर फॉर्म भरलात तर कापलेल्यातले पुष्कळ, कधी सगळे, परत येतात. नेहमीचा १०४० भरणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुमचा फॉर्म भरू नका. काहीच उत्पन्न नसलं तरी ८८४३ फॉर्म प्रत्येकाने द्यायचा, बायको-मुलांचाही. कॅम्पसच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतनासाठीचा कर) कापली जात असेल तर पगार काढणाऱ्या पेरोल ऑफिसला भेटा. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ती सहसा लागू नसते.

एवढं करूनही पैसे कमी पडू लागले तर लपवू नका. एक शैक्षणिक वर्ष झाल्यानंतर अचानक, हाताबाहेरचं आर्थिक संकट आलं, म्हणजे कबूल केलेली मदत बंद पडली किंवा मोठं आजारपण आलं, तर कॅम्पसबाहेर कामाची परवानगी इमिग्रेशन खात्याकडे मागता येते. आधीपासून माहीत असलेली तूट त्यात बसत नाही. काही सेमिनऱ्यांकडे आपत्कालीन निधी असतो, त्याची जाहिरात नसते, डीनला विचारावं लागतं. आणि एखादं सेमिस्टर सोडावंच लागणार असेल तर वर्ग टाकण्याआधी डीएसओला, म्हणजे व्हिसाच्या नोंदी पाहणाऱ्या सेमिनरीतल्या अधिकाऱ्याला, भेटा. त्यांनी आधी मान्यता दिली तर देश सोडायला १५ दिवस मिळतात आणि परतीचा रस्ता खुला राहतो. न सांगता वर्ग टाकलेत तर नोंद ‘नियम मोडला’ अशी होते आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात तिचं उत्तर द्यावं लागतं. पाच महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात तर बहुधा नवा आय-२० लागेल, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) नवी फी भरावी लागेल, आणि त्यासाठी पुन्हा पैशांचे पुरावे. त्या वेळी तरी रकान्यात तेच आकडे लिहा जे खरोखर तुमच्या हातात आहेत.