विहीर काठोकाठ दिसतेय तेव्हाच मोजा: खानदेशातल्या रब्बीसाठी पाण्याचा हिशेब

परतीचा पाऊस गेला की विहिरी वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीला असतात. हरभरा, गहू, मका, कांदा, कांदेबागाची (पावसाळ्यानंतर लावायची) केळी हे सगळे निर्णय याच दिवसांत होतात. विहिरींची पातळी आणि उपसा तपासण्याच्या कामावर वावरोवावरी फिरताना मला एकच गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. डोळ्यांना दिसतो तो विहिरीतला साठा आणि पीक निघतं ते आवकेवर, म्हणजे झऱ्यांतून विहिरीत येत राहणाऱ्या पाण्यावर. साठा बघून पेरणी ठरवली की माघ-फाल्गुनात मोटार तासाभरातच हवा ओढू लागते.

साठ्याचा हिशेब आधी करू. विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा आणि आलेल्या उत्तराला 22 ने गुणा. एक फूट उंचीच्या पाण्यात किती लिटर मावतात ते कळेल. 20 फूट व्यासाच्या विहिरीत हा आकडा 8,800 लिटर येतो. आता एक एकर गव्हाला पाटाने सहा सेंटीमीटरचं एक पाणी द्यायचं तर जवळजवळ 2 लाख 43 हजार लिटर लागतात, म्हणजे त्याच विहिरीतलं 27-28 फूट पाणी. एका एकराच्या एका पाण्यालाच एवढं जातं. काठोकाठ भरलेली विहीर बघून पाच एकर गहू पेरणाऱ्याने हा आकडा एकदा वहीत लिहून बघावा.

म्हणून आवक मोजायची. सकाळी मोटार सुरू करण्याआधी कठड्यावर एक कायमची खूण करा आणि तिथूनच पाण्यापर्यंतचं अंतर दोरीने किंवा मोजपट्टीने घ्या. नेहमीसारखा उपसा करा, मोटार बंद करा, लगेच पुन्हा अंतर घ्या. चार तास मोटारीला हात लावू नका आणि मग पुन्हा मोजा. समजा पाणी दोन फूट चढलं, तर चार तासांत 17,600 लिटर आले, तासाला 4,400. पाणी वर चढत जातं तसे झरे मंदावतात, त्यामुळे याला थेट चोवीसने गुणून खूश होऊ नका, हात राखूनच धरा. शेजारच्या विहिरीची किंवा बोअरची मोटार त्या वेळी चालू असेल तर तेही लिहून ठेवा, आकडा त्याने बदलतो. बोअरचा किंवा मोटारीचा उपसा मोजायचा असेल तर पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम धरा. तो 20 सेकंदांत भरला तर तासाला 36 हजार लिटर पाणी पडतंय.

ही आवक कार्तिकातली. फेब्रुवारीत ती निम्मी धरून चालावं असं माझं मत आहे, आणि पारोळा, अमळनेर, धुळे या काळ्या खडकाच्या पट्ट्यात त्याहून कमी धरलेलं बरं. खडकाच्या भेगांत जेवढं साठलं तेवढंच तिथे मिळतं. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत, रावेर-यावलकडे, आवक जोरदार असते, पण वर्षानुवर्षांच्या उपशाने पातळीच इतकी खोल गेली आहे की साध्या विहिरी कोरड्या पडून बोअरवर बोअर घ्यावे लागले. दोन्हीकडे अडचण पाण्याचीच असली तरी उपाय वेगवेगळे. खडकात पेरा कमी करा. गाळात बागेचं क्षेत्र वाढवणं थांबवा.

कांदेबागाबद्दल तर फारच स्पष्ट बोलायला हवं. लागवडीच्या वेळी रोपाला दिवसाला चार ते सहा लिटर पुरतात, त्यामुळे आत्ता सगळं सोपं वाटतं. एप्रिल-मेमध्ये ठिबकवरही झाडाला 18 ते 22 लिटर लागतात. पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,742 झाडं बसतात. रोजचे 20 लिटर धरले तरी एकराला 35 हजार लिटर होतात, म्हणजे 20 फुटी विहिरीतलं रोज चार फूट पाणी. मागच्या मे महिन्यात तुमच्या विहिरीला दिवसाला किती फूट चढत होतं, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा. तो आकडा आधी, रोपांची ऑर्डर मागून.

पाणी बेताचं असेल तर गव्हाऐवजी हरभरा घ्या. 30-35 दिवसांनी एक आणि घाटे भरताना 60-65 दिवसांनी दुसरं, एवढ्या दोन पाण्यांवर तो येतो. भारी काळ्या जमिनीत ओल धरलेली असेल तर दादर (रब्बी ज्वारी) आहेच. आपल्याकडची दादर वरून पाणी न देताही निघते आणि कडब्याची सोय होते. गहूच पेरायचा असेल तर पाण्याच्या वेळा चुकवू नका. एकच पाणी असेल तर 40 ते 42 दिवसांनी द्या. दोन असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी. तीन असतील तर 20-22, 40-42 आणि 60-65. रात्रपाळीची लाइट आहे म्हणून ऑटो (लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) लावून झोपलं की पाणी बांध फोडून जातं, किंवा विहीर आटून मोटार कोरडी फिरते आणि जळते. मोटार कोरडी पडताच बंद करणारा ड्राय-रन संरक्षक बसवून घ्या. नवीन वाइंडिंगपेक्षा तो स्वस्तच पडतो.

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने सगळ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, पाणी कमी असलं की काही फड (शेतांचे गट) त्या वर्षी पाण्याविना ठेवले जात आणि ते सगळ्यांना मान्य असे. पाटकरी पाणी फिरवायचा आणि कोणीही जास्तीचं ओढत नसे. आता प्रत्येकाची मोटार वेगळी, पण खालचा झरा एकच आहे. शेजारच्या दोन-चार जणांनी बसून पाळ्या ठरवल्या तर सगळ्यांच्या विहिरींना भरायला वेळ मिळतो.

नवीन बोअरचा विचार असेल तर आधी नियम बघा. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी नव्याने घेण्यावर बंदी घातली आहे, आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत विहीर खोदण्यावर निर्बंध आहेत. बोअरवाल्याने ‘चालतं हो’ म्हटलं तरी अडचणीत तुम्ही येता. तपासणीला माणूस आला तर सातबाऱ्यावरची सिंचनाच्या साधनाची नोंद, विहीर-बोअरची खोली आणि वर्ष, मोटारीचा एचपी आणि वर लिहिलेले तुमचे आकडे हाताशी ठेवा. खरी खोली सांगा. खोट्या आकड्यांवर गावाचा पाण्याचा अंदाज बांधला गेला तर त्याचा फटका गावालाच बसतो.

एक गोष्ट जिवाची. आटलेल्या विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवू नका. त्याच्या धुराने माणूस बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही. बंद पडलेल्या बोअरवर दगड ठेवून भागत नाही, त्यावर लोखंडी झाकण वेल्डिंग करून घ्या.

कठड्यावरच्या त्याच खुणेवरून दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटार लावण्याआधी पातळी लिहीत राहा. पातळी पंधरवड्यात तीन-चार फुटांहून जास्त उतरू लागली तर पुढचं पाणी कोणत्या वावराला द्यायचं नाही हे त्याच दिवशी ठरवा.