प्लॅन वाढवण्याआधी एक केबल लावून बघा

गेममध्ये लॅग यायला लागला की आपण पहिल्यांदा काय करतो तर प्लॅन वाढवतो, मी पण तेच केलं होतं, ५० एमबीपीएसचा २०० केला आणि लॅग जसाच्या तसा. कारण ऑनलाइन खेळताना डेटा लागतोच किती, बहुतेक गेमना २-३ एमबीपीएस म्हणजे डोक्यावरून पाणी. स्पीड लागतो तो ८० जीबीचा गेम उतरवताना. खेळताना महत्त्वाचं असतं पिंग, म्हणजे तुम्ही बटण दाबल्याची खबर सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो वेळ एकसारखा राहतोय का. कायम ६० मिलिसेकंद असेल तर हाताला सवय होते, पण २०, २५, मग अचानक १८० असं झालं की मेलाच समजा.

आधी गडबड घरात आहे की बाहेर ते बघा. वायफायवर असलेला लॅपटॉप कन्सोलच्या शेजारी ठेवा आणि त्यावरून थेट राउटरला पिंग करा (विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ping -t लिहून पुढे राउटरचा पत्ता), पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या मागच्या स्टिकरवर सापडेल. दोन-तीन मिनिटं चालू द्या. आकडा १ ते ५ मिलिसेकंदात राहिला तर वायफाय ठीक आहे, पण मधेच ८०, १२० अशा उड्या मारत असेल किंवा टाइमआउट दिसत असेल तर कंपनीला फोन करून काही उपयोग नाही, दुखणं घरातलंच आहे.

आणि त्याचं औषध म्हणजे लॅन केबल. कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट जातं तिच्यातून, उगाच कॅट ८ वगैरेच्या नादाला लागू नका. निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला लॅन पोर्ट असतो, जुन्या डॉकला नसतो, तिथे यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो.

केबल ओढणं शक्यच नसेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर या. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकत्र नांदतात. फक्त ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीत लवकर मरतो, म्हणून राउटर उघड्यावर आणि उंचावर ठेवा, टीव्हीच्या मागे कोंबू नका. पहिलं पीएस४ असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, स्लिम आणि प्रोला दिसतं, मी एकदा अर्धा तास सेटिंग शोधत बसलो होतो तेव्हा कळलं. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच जो कमी गर्दीचा असेल तो निवडा, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. केबल लावली तरी रात्री दहानंतर पिंग ३०० ला जायचं. कारण काय तर घरातल्या कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लागला की फोटोंचा बॅकअप सुरू व्हायचा, अपलोडची लाइन भरून जायची आणि राउटर पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून न देता रांगेत उभी करत बसायचा, त्या रांगेच्या शेवटी आपल्या गेमचं बिचारं छोटंसं पॅकेट. याला बफरब्लोट म्हणतात. तपासायचं सोपं आहे, इकडे ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग चालू ठेवा, तिकडे एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा, आकडा २० वरून दोनशे-तीनशेला गेला तर हेच. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय, असेल तर चालू करा आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्के टाका, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. नुसतं क्यूओएस, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सेटिंग, असेल तर कन्सोलला वरचा नंबर द्या. तेही नसेल तर बॅकअप पहाटेवर ढकला.

पार्टी चॅट लागत नाही, मित्राच्या लॉबीत जाता येत नाही, ही भानगड वेगळी, ती नॅटची, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेटवर जातात त्या व्यवस्थेची. एक्सबॉक्सवर ओपन हवं, प्लेस्टेशनवर टाइप २ पुरे, टाइप ३ किंवा स्ट्रिक्ट दिसलं तर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला लागणारे पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दरवाजे, आपोआप उघडणारी सेटिंग) चालू करून कन्सोल पूर्ण बंद करून परत लावा. तरी नाही झालं तर कंपनीच्या मोडेममागे तुमचा राउटर असं दुहेरी नॅट झालंय का बघा, असेल तर एकाला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नॅट न करता डेटा नुसता पुढे पाठवेल. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात, मग पोर्ट उघडत बसू नका, कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता, मागा.

डीएनएस बदलून पिंग कमी होतं असं सांगणारे खूप भेटतील. नाही होत हो. डीएनएस फक्त नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधतं, सामना सुरू झाल्यावर त्याचा संबंध संपला. उलट गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर रीजन कोणता आहे ते बघा, फायबरमधून सिग्नल १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे ६००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायलाच निदान ६० लागणार, तिथे राउटर कितीही भारी असला तरी काही करू शकत नाही.