विभागाच्या वार्षिक अहवालात आपलं काम कसं नोंदवावं

कुणी काय छापलं, कुठे व्याख्यान दिलं, कोणतं नाटक बसवलं, याची विभागाची वार्षिक यादी जुळवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हे काम कुणी आपणहून मागून घेत नाही. नव्याने रुजू झालेल्यांचं काम बहुतेकदा चांगलं असतं, पण नोंद इतकी मोघम असते की त्यांनी नेमकं काय केलं याचा पत्ता लागत नाही.

'आंतरराष्ट्रीय परिषदेत सहभाग' ही माझी सगळ्यात नावडती ओळ. बीजभाषण दिलं, निबंध वाचला, पोस्टर लावलं, सत्राचं अध्यक्षपद सांभाळलं, की नुसतं ऐकायला गेलात? यातलं सगळंच त्या एका शब्दात मावतं, आणि मुरलेला वाचक शेवटचं धरून चालतो.

शोधनिबंधाचंही तेच. पाठवला, स्वीकारला गेला, प्रसिद्ध झाला, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. संपादकाचं स्वीकृतीचं पत्र हातात पडेपर्यंत 'लवकरच प्रकाशित' लिहू नका. प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुला केलेला मसुदा असेल, तर प्रीप्रिंटच म्हणा. त्यात कमीपणा नाही. भौतिकशास्त्रातली मंडळी १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या खुल्या संग्रहावर हेच करत आली आहेत. निबंध आला की डीओआय (DOI), म्हणजे त्या निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक द्या. साधी लिंक संकेतस्थळ बदललं की मरते. डीओआय तोच राहतो, प्रकाशकाने फक्त त्यामागचा पत्ता बदलायचा असतो. आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा. फुकट मिळतो. नाव बदललं, कुठे नुसती आद्याक्षरं छापली गेली, किंवा त्याच नावाचा दुसरा संशोधक निघाला, तरी तुमचं काम तुमच्याच नावावर राहतं.

सहलेखकांच्या क्रमावरून मात्र घोळ होतोच, कारण प्रत्येक विषयाची रीत निराळी. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे असतात. जीववैद्यकात पहिलं नाव प्रत्यक्ष काम केलेल्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं, असा संकेत आहे. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर निघालेल्या निबंधाला पाच हजारांहून जास्त लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांच्या यादीनेच भरली होती. तिथे 'सातशेवा लेखक' या माहितीला काय अर्थ? म्हणून क्रमांकापेक्षा वाटा लिहा: सांख्यिकी विश्लेषण माझं, पहिला मसुदा माझा. लेखकांचा वाटा नोंदवायच्या क्रेडिट (CRediT) नावाच्या पद्धतीत अशा १४ भूमिका ठरवून दिल्या आहेत, त्यातल्या उचलल्या तरी भागतं.

सर्जनशील काम करणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. निबंध वाचनालयात सापडतो. प्रयोग झाला की संपतो. नेपथ्य, प्रकाशयोजना, नृत्यरचना, चित्रप्रदर्शन यांचा पुरावा त्याच दिवशी गोळा केला नाही, तर वर्षअखेरीस हाती काही लागत नाही. आमच्याकडे एका चित्रकार सहकाऱ्याची नोंद आली होती: 'प्रदर्शन भरवले.' विचारत गेले तेव्हा कळलं, प्रदर्शन एकल होतं, चित्रं निवड समितीने निवडलेली होती, सूचीपत्र छापलेलं होतं आणि त्यात एका समीक्षकाची प्रस्तावनाही होती. यातला एकही शब्द मूळ नोंदीत नव्हता! प्रदर्शन एकल की समूह, निवड कुणी केली, तारखा, दालन, किती कलाकृती, नवी किती, एवढं लिहा. प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा आणि त्यात तुमचं नाव कोणत्या कामासमोर आहे ते छापायला जायच्या आधी बघा. अनुवाद असेल तर मूळ भाषा, मूळ लेखक, प्रकाशक आणि आयएसबीएन. संशोधन म्हणून मान्यता हवी असेल, तर या कामात कोणता प्रश्न धसाला लावला ते दोन-तीन वाक्यांत जोडा. कलाकारांना हे लिहायचं जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहा.

आकड्यांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात याचा आकडा, नियतकालिकाचा असतो, तुमच्या निबंधाचा नव्हे. नोंदीत दिसला की मी तो खोडते. एच-इंडेक्स, म्हणजे तुमचे जितके निबंध किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले तो आकडा, २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला, पण इतिहासाचा अभ्यासक आणि रसायनशास्त्रज्ञ यांना त्याच मापाने मोजण्यात काही हशील नाही. एक पुस्तक लिहायला कुणाला दहा वर्षं लागतात. नियतकालिकावर आधारलेल्या मापांनी माणसाची पारख करू नका, हे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने (DORA) २०१२ मध्येच सांगून ठेवलंय.

पुरस्कारांच्या रकान्यात निवड कुणी केली आणि काही शुल्क भरलं का, हे दोन्ही लिहा. 'सर्वोत्कृष्ट संशोधक' म्हणून तुमची निवड झाली आहे, फक्त नोंदणी शुल्क भरा, अशी ईमेल नोकरी लागल्यापासून काही महिन्यांत येतेच. पैसे भरून मिळालेलं सन्मानचिन्ह मी यादीत घेत नाही. कुणी वाद घातला, तर निवड समितीची नावं मागते.